मागची चाकं सोडवताना

६ जानेवारी, मंगळवार

गाडी विकणार नाही. म्हणजे नाही!

सकाळी पुण्याहून धैर्यशीलचा फोन. "पपा, अठरा तारखेला गिऱ्हाईक घेऊन येतोय. जागची हलत नाही ती गाडी, दारात ठेवून करायचंय काय?" मी म्हणालो, हलली तर? पोटचा पोरगा हसला! म्हणाला, "हलवून दाखवा, मग नाही विकत." ठीक आहे. बघच आता. बावीस वर्षं फौजेत ट्रक हाकले, बर्फात हाकले, आणि ही एवढीशी गाडी मला दारातून काढता येणार नाही?

लीला ज्वारी निवडत होती. तिला सांगितलं. "आन् डोळ्याचं काय?" एवढंच बोलली. डोळ्याचं काय व्हायचंय? सांगलीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, विषय संपला. डॉक्टर म्हणाले, जपा. चालवू नका असं मला तरी ऐकू आलं नाही.

गाडी बंद असली की काय होतं, ते गेले तीन महिने बघतोय. वाईला जायचं तरी हंबीररावाच्या दारात उभं राहायचं. हंबीरराव म्हणजे माझा चुलतभाऊ. एकदा गाडीत घेतो आणि आठवडाभर गावाला सांगतो. हे मी मरेपर्यंत करणार नाही.

७ जानेवारी

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी मागून खाली बसली आणि बंद पडली. मागची दोन्ही चाकं जाम. हँडब्रेक तर सोडलेला होता.

वाईहून बिराप्पा मेकॅनिकला बोलावलं. त्यानं चाकाला एक लाथ घातली आणि चौकशी सुरू केली.

"आबा, शेवटची कवा हलवली व्हती?"

खंडेनवमीला.

"धुतली व्हती?"

धुणार नाही तर काय, पारोशी पुजणार?

"आन् हँडब्रेक?"

ओढला. फौजेतला हात आहे, शेवटच्या खटक्यापर्यंत ओढला.

"मग बराबर हाय. वलं ब्रेक आवळून ठिवलं. ब्रेकचं लायनर चाकाच्या ड्रमला चिकटलं. धुतल्यावर एक चक्कर मारायची व्हती."

चक्कर कशी मारणार! आमच्या घरात खंडेनवमीला पुजलेलं हत्यार असो नाही तर वाहन, दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवत नाहीत. आणि दसऱ्याच्याच सकाळी माझ्या डोळ्यात रक्त उतरलं. मला हंबीररावाच्या गाडीतून सांगलीला नेलं. गाडी हार घालून तशीच उभी राहिली. झेंडूची वाळकी फुलं अजून बंपरला आहेत.

बिराप्पा म्हणाला, टोचन लावून गॅरेजला नेतो. माझी गाडी दोरीला बांधून गावातून जाणार? हंबीररावाच्या दारावरून? मुळीच नाही! घरीच खोलतो म्हणालो.

"आबा, तुमास्नी आता..." पुढचं त्यानं गिळलं. बरं केलं.

८ जानेवारी

पुढच्या चाकांना दगड लावले. जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे सारले. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नये हे फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात. डावं चाक काढलं. आत ड्रम. लोखंडाचं पातेलं उपडं घालावं तसा. हातोडीनं कडेनं ठोकला. गंज सोडवायचं तेल मारलं. पुन्हा ठोकला. ढिम्म!

९ जानेवारी

निघाला नाही. कंबर गेली. लीलानं तेल चोळून दिलं, त्याचाच जास्त राग आला.

११ जानेवारी, रविवार

निघाला!

ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, हे आज अंघोळ करताना आठवलं. तसाच टॉवेलवर बाहेर आलो. लीला ओरडली, "आवं, कापडं तरी घाला!" दोन्ही भोकांत बोल्ट घातले, आवळले की ते ड्रमला बाहेर ढकलतात. इकडं एक फेरा, तिकडं एक फेरा, आळीपाळीनं. तिसऱ्या फेऱ्याला आत कडकन वाजलं. पाठीच्या मणक्यातनं आनंद सळसळत गेला माझ्या! ड्रम हातात आला. लायनरचा अर्धा तुकडा ड्रमलाच चिकटून राहिलेला.

उजव्या बाजूचाही दुपारी काढला. तिकडच्या बोल्टचं तोंड भोकात बसेना, दोनदा आटा चुकला. ऊन तोंडावर होतं.

१३ जानेवारी

चाकातला सिलेंडरही गेलाय. पेडल दाबलं की यातले दोन दट्टे बाहेर येऊन लायनर फाकवतात. एक दट्टा गंजून आतच बसलाय. एसटीनं साताऱ्याला जाऊन नवे सिलेंडर आणि लायनर आणले. दुकानातलं पोरगं विचारतं, मेकॅनिक कोण? मीच, म्हणालो. पोरगं माझ्या चष्म्याकडे बघत राहिलं.

१४ जानेवारी

संक्रांत. हंबीरराव तिळगूळ द्यायला आला, म्हणजे बघायला आला. "दादा, विकून टाका की वो आता. आमी हाय की सोडायला!" त्याच्या तोंडात लाडू घातला आणि वाटेला लावला.

१६ जानेवारी

दोन्ही बाजू बसल्या. हँडब्रेकची केबल तेल पाजून मोकळी केली. राहिली फक्त ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी नट सैल करायचा. बिराप्पाला बोलावणार नव्हतोच. लीलाला बसवलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, स्टेअरिंगसमोर पहिल्यांदा बसली. पदर खोचून, पाठ ताठ.

"दाब. धर. सोडू नको! आता सोड."

नळीतून बुडबुडे आले. हळूहळू कमी झाले. मग नुसतं तेल. मी दमून मातीत टेकलो तर आतून आवाज, "झालं व्हय? दमला का काय? आता पेडल कसं घट लागतंय बघा!" खुशीत होती. मी तिला एवढं खुशीत बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

चालवली! हार काढला, लीलाला शेजारी बसवलं आणि थेट वाई. हंबीररावाच्या दारासमोर हॉर्न दिला. दोनदा दिला! घाटावर गणपतीला हात जोडले, भेळ खाल्ली. चाकं लोण्यासारखी फिरतात.

येताना शाळेच्या वळणावर लीला किंचाळली, "आवं, उजवीकडं! उजवीकडं!" ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली गाडी, वीतभरही पुढे नाही! असा ब्रेक कंपनीतून नवी येते तेव्हाही लागत नाही. सायकलवाली पोरगी होती, मध्येच आली. तिच्या सायकलचं हँडल बॉनेटला टेकलेलं. लागलं नाही कुणाला. पोरगी रडायला लागली. लीलानं उतरून तिला पोटाशी धरलं.

लीला रात्री जेवली नाही. उद्या पोरगा येतोय, गाडी दारात फिरवून दाखवणार आहे मी.

१८ जानेवारी

पहाटे अंगणात उभा राहिलो आणि डावा डोळा हातानं झाकला. आजवर झाकला नव्हता. डॉक्टरांनी सांगूनही झाकला नव्हता. गाडी गेली. गोठा गेला. समोर लीला बादली घेऊन उभी होती, तीही गेली. नुसतं राखेसारखं काहीतरी. पोरगी मध्ये आली नव्हती. ती तिथंच होती.

लीलाला म्हणालो, बादली ठेव. आणि किल्ली तिच्या हातात दिली. आधी खळ्यात चालवायला शिक, मग साताऱ्याला जाऊन शिकाऊ लायसन. तिनं पदर खोचला आणि गाडीत स्टेअरिंगसमोर जाऊन बसली. "ब्रेक म्हाईत हाय मला. बाकीचं सांगा."

धैर्यशीलला फोन केला, गिऱ्हाईक आणू नकोस, गाडी चालते, विकायची नाही. कोण चालवणार, ते सांगितलं नाही.