भोंग्याच्या वेळेत सुनेस इंग्रजी शब्द शिकू देणेबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे चिंचटेक,
ता. कवठे महांकाळ, जि. सांगली.

अर्जदार : सुभेदार (निवृत्त) लालासाहेब ज्ञानदेव खराडे, रा. चिंचटेक.

विषय : सायंकाळी सात ते साडेआठ या वेळेत सून सौ. संयोगिता हिस मोबाईलवर इंग्रजी शब्द शिकू देणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामसभा ठराव क्र. ९, सूचक अर्जदार स्वतः. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

आपण गेल्याच आठवड्यात रुजू झालात, त्यामुळे सगळे मुळापासून सांगणे आले. चार अर्ज आपल्या आधीच्या साहेबांना देऊन झाले. अर्जदार आता कंटाळला आहे, तरी पाचवा सादर आहे.

१. आपल्या गावात रोज सायंकाळी सातला भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद ठेवून पोरांनी अभ्यासाला बसावे, असा ठराव आहे. जो मोडील त्याचे नाव दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिक्षेपकावर पुकारले जाते. ही कल्पना अर्जदाराची. 'कोणत्याही सबबीवर सूट मिळणार नाही' हे वाक्य अर्जदारानेच हट्टाने घालून घेतले. पलटणीतला आवाज म्हणून नावे पुकारण्याचे कामही अर्जदाराकडेच आले. त्या दिवशी गावाने टाळ्या वाजवल्या आणि अर्जदार हुरळून गेला, हे कबूल आहे.

२. सून संयोगिता मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. आयर्लंडमधील एका रुग्णालयाने तिला नेमणूकपत्र दिले आहे. परंतु ३१ मार्चपर्यंत इंग्रजी परीक्षेचा दाखला न पोचल्यास ते रद्द होईल. दोन वेळा ती थोडक्यात राहिली. बाकी सगळे जमते, शब्द हलके पडतात. 'गुड', 'बॅड', 'बिग' एवढ्यावर ते लोक खूश होत नाहीत, त्यांना भारी शब्द लागतात. एकट्या 'दमणे' या अर्थाचेच तिने नऊ इंग्रजी शब्द पाठ केले आहेत. परदेशी जायची ओढ तिची स्वतःची आहे, घरातल्या कोणी तिला रेटलेले नाही. परीक्षा २२ मार्चला दुपारी पुण्यात आहे. शिकवणाऱ्या बाईंचा वर्ग मोबाईलवर सायंकाळी सातलाच असतो. ड्युटी करून ती घरी येते सहाला, म्हणजे दुसरी वेळ तिच्याजवळ नाही.

३. पहिल्या अर्जास उत्तर आले की ठरावात 'विद्यार्थी' आहे, 'सून' नाही; तरी ती विद्यार्थी असल्याचा शाळेचा दाखला जोडावा. अर्जदार शाळेत गेला. मुख्याध्यापकांनी कोणत्या इयत्तेचा दाखला हवा, असे विचारले. दुसऱ्या अर्जास उत्तर आले की विद्यार्थ्यालाही मोबाईल बंदच आहे. हे मात्र खरे होते.

मग तिने शब्द चिठ्ठ्यांवर लिहून फ्रीजवर, पिठाच्या डब्यावर, गोठ्याच्या दाराला चिकटवले. बोलण्याच्या सरावासाठी अर्जदार स्वतः परीक्षक झाला. हातात घड्याळ धरून रोज दोन मिनिटे तिला बोलायला लावले. चुकली तर चूक काढणार कोण? अर्जदाराचे इंग्रजी परेडच्या हुकमांपुढे गेलेले नाही. वर शेजाऱ्यांनी, सासरा-सुनेचे रोज सातला भांडण होते, अशी तक्रार केली. तो खुलासा करण्यात तिसरा अर्ज गेला.

चौथ्या अर्जावर साहेबांनी तोंडी सल्ला दिला की ओढ्यापलीकडे आपली हद्द संपते, तिथे बसवा. तसे बसवले. पण पलीकडच्या गावानेही महिनाभरापूर्वी असाच भोंगा सुरू केला आहे. त्याच्या उद्घाटनाचे भाषण अर्जदाराने केले होते, नारळही अर्जदाराच्याच हाताने फुटला होता. त्यांच्या माणसांनी ओळख ठेवली, नमस्कार केला आणि मोबाईल बंद करायला लावला.

४. शेवटी ती घरातच दार लोटून वर्गाला बसली. भोंग्यानंतर घरोघर तपासणीची फेरी मारणाऱ्या कोंडीबाने नियमाप्रमाणे तिचे नाव लिहून घेतले. तीन दिवस सकाळी अर्जदाराने आपल्या तोंडाने, सबंध गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या सुनेचे नाव पुकारले. घरी आल्यावर तिने नेहमीसारखाच चहा दिला. अर्जदाराची पत्नी मनुबाई मात्र बोलली, "गावाला शिस्त लावलीसा न्हवं? आता लेकीची अब्रू काढा रोज सकाळी." चौथ्या दिवशी फ्रीजवरच्या चिठ्ठ्या निघाल्या. का काढल्या म्हणून विचारले, तर संयोगिता म्हणाली, "मामा, लय दमले ओ. ऱ्हाऊ दे आता." नऊ शब्द पाठ असलेली पोर मराठीतच दमली. साहेब, अर्जदार सव्वीस वर्षे फौजेत होता, पण एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

५. काल सातला भोंगा वाजला. अर्जदाराने स्वतःचा मोबाईल तिच्यापुढे ठेवला, बस म्हणून सांगितले आणि दारात खुर्ची टाकली. फेरीवर कोंडीबा आला. त्याला म्हटले, "लिही, लालासाहेब खराडे. मोबाईल माझा हाय आणि चालू मीच केलाय." तो घुटमळला, पण त्याने लिहिले. आत वर्ग सव्वाआठपर्यंत चालला.

ठराव मोडावा किंवा बदलावा, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. गावची पोरे त्या भोंग्यावर अभ्यासाला बसतात, तो वाजलाच पाहिजे. विनंती इतकीच की २१ तारखेपर्यंत आमच्या घरातून एकच नाव घ्यावे, ते अर्जदाराचे. अर्जदार ते स्वतः पुकारील, आवाज कमी करणार नाही. मात्र २२ तारखेला सकाळी माईकवर दुसरा माणूस नेमावा. अर्जदार त्या वेळी सुनेला घेऊन पुण्याच्या गाडीत असेल.

आपल्याच ठरावात सापडलेला,
लालासाहेब ज्ञानदेव खराडे
चिंचटेक, दि. १२ मार्च २०२५

सोबत : ठराव क्र. ९ ची प्रत. परीक्षेच्या प्रवेशपत्राची छायाप्रत. २२ तारखेला पुकारायची चिठ्ठी, अर्जदाराच्या नावाने लिहून तयार.