व्हर्नाताईचा पोशाख

व्हर्नाताई,

आईला जाऊन महिना झाला. तिच्या पेटीत हरणाच्या कातड्याचा तो पोशाख सापडला. खांद्यांवर पिवळी माती चोळलेली, छातीवर एल्क हरणांचे दात ओवलेले. तिने तो दोन हिवाळे बसून तुझ्यासाठी शिवला होता.

तू डॅलसला कामाला गेलीस, त्या उन्हाळ्यात तुझं पत्र आलं, आपल्या जमातीच्या जुलैतल्या नाचाला येते म्हणून. ते मी आईला दाखवलंच नाही. "ताईला जमत नाही म्हणे, मग मी घालू का?" असं मीच विचारलं.

आईने पेटीतून पोशाख काढला. मग मला पोशाख चढवत म्हणाली, "हा अंगावर आला की आपल्या गेलेल्या आज्या सोबत चालतात. सावकाश पावलं टाक, लेटा."

नाचाच्या दिवशी तू आलीस तेव्हा आई लांब तंबूत स्वयंपाकात होती. रिंगणाच्या कडेला तू मला गाठलंस. "छान बसलाय तुला. आईने विचार करूनच दिला असेल," म्हणालीस, आणि तिला न भेटताच परत गेलीस. मी तुला थांबवलं नाही. पुढे आई म्हणायची, "व्हर्ना विसरली आपल्याला." तेव्हाही मी गप्पच राहिले.

शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. माझा हात धरून तिने विचारलं, "व्हर्ना, त्या नाचाला का गं नाही आलीस?"

ताई, तुझ्या नावाने मी तिची माफी मागितली.

लेटा