एकेचाळीस झाडं, सगळी ठणठणीत

२ मार्च, सोमवार. सकाळी साडेपाच. गोल्फ क्लबच्या गेटपाशी, टेम्पोत.

नवी वही. मुलगा म्हणतो, यंदापासून क्लबला प्रत्येक झाडाचा लेखी रिपोर्ट हवा. तो वेगळ्या रजिस्टरात. ही वही माझी. हिला कुणी हात लावला तर हात जागेवर राहणार नाही.

यंदा ठरवलंय: रोज लिहायचं, सुनेशी गोड बोलायचं आणि वीस तारखेच्या स्पर्धेआधी अठराही होलची झाडं वाजवून संपवायची.

झाड वाजवणं म्हणजे काय, तेही लिहून ठेवते. लाकडी मोगरी घ्यायची, खोडाला चारी बाजूंनी ठोकायचं. आतून भरलेलं झाड टण्ण बोलतं. पोखरलेलं बद्द बोलतं, चिरलेल्या मडक्यासारखं. टण्ण आलं की रजिस्टरात "ठणठणीत" लिहायचं, मग सूनबाई दोर बांधून वर चढते आणि वाळक्या फांद्या उतरवते. बद्द आलं तर कुणी चढायचं नाही, क्रेन मागवायची. आमचे हे तीस वर्षं माझ्या कानाच्या भरवशावर चढले. गेले ते तापाने, गादीवर. झाडाने त्यांना कधी ओरखडा काढला नाही.

मुलगा त्यांच्यावर गेला नाही. त्याला स्टुलावर चक्कर येते. तो खाली भुगा करायच्या मशीनमध्ये फांद्या घालतो.

रात्री. पहिल्या दोन होलची बारा झाडं झाली. सगळी ठणठणीत. आवाज जरा दबलेला वाटला. गारठ्याने झाडांचा घसा बसत असेल.

३ मार्च, मंगळवार

तिसरा आणि चौथा होल. अकरा झाडं, ठणठणीत. मुलगा म्हणाला, गेल्या साली एवढ्यात सहा पोकळ निघाली होती. म्हटलं, झाडंही सुधारतात, तूच तेवढा राहिलास.

आठला खेळणारे येतात, त्याच्या आत आम्ही ठोकणं आवरतो. आज एक लवकर आला आणि माझ्या पाठीत बॉल हाणला. म्हणे तीनदा ओरडलो. त्याला विचारलं, ओरडलास की पुटपुटलास? हिरवळ कापणारा मध्ये पडला, म्हणाला पार्किंगपर्यंत ऐकू आलं. क्लबचा पगार खातो, क्लबचीच टाळी वाजवणार.

पाठ दुखतेय. कान उत्तम.

५ मार्च, गुरुवार

गजराचं घड्याळ बिघडलं. सकाळी वाजलंच नाही. कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. नात शाळेत निघताना म्हणाली, आजी, डबा वाजतोय.

सूनबाई अख्खी सकाळ तिसऱ्या होलच्या निलगिरीवर होती. चार तास, पन्नास फुटांवर. मी खाली खुर्ची टाकून. ती वरून काहीबाही बोलते, मी हो म्हणते. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागलीय तिला. एका "हो"नंतर मांडीएवढी फांदी माझ्यापासून दोन हातांवर येऊन पडली. सूनबाई म्हणते, विचारलं होतं, सोडू का, आणि तुम्ही हो म्हणालात.

मी म्हटलं, हो म्हणजे ऐकलं, असा अर्थ होत नाही. त्यानंतर मी खुर्ची दहा हात मागे नेली. उन्हामुळे.

७ मार्च, शनिवार

पाच ते आठ होल. सतरा झाडं एका दमात. एकूण चाळीस, एकही पोकळ नाही. क्लबचा सेक्रेटरी खूश. काय म्हणाला कोण जाणे, पण हसला, मीही हसले.

कानात कोमट तेल घातलं. कानाला काही झालेलं नाही, बाटली संपवायची होती.

९ मार्च, सोमवार. दुपारी.

नवव्या होलची निलगिरी. क्लबची सगळ्यात मोठी. दोन माणसांच्या कवेत मावत नाही, आणि सगळा भार हिरवळीवर झुकलेला. स्पर्धेच्या दिवशी लोक तिच्याखाली उभे राहणार. गुरुवारी सूनबाई चढणार, साठ फूट.

मोगरी मारली.

काही नाही.

टण्ण नाही, बद्द नाही. दुसऱ्या बाजूने मारली. जोरात मारली. मोगरी लागल्याचं मनगटाला कळत होतं, बाकी कशालाच नाही. खोडाला कान लावला. भिंतीला लावल्यासारखा.

मागे सूनबाई आणि सेक्रेटरी उभे. सेक्रेटरीचे ओठ हलले. काहीतरी विचारत असावा. हातात रजिस्टर होतं, पेन होतं. मी लिहिलं: ठणठणीत.



१० मार्च, मंगळवार

घरातल्या वस्तू वाजवून पाहिल्या. दार. पाण्याची टाकी. कपाट रिकामं करून वाजवलं, कपडे भरून वाजवलं. दोन्ही सारखंच. कपाट हलक्या लाकडाचं आहे, पहिल्यापासून म्हणत होते. मुलगा जेवायला बसला होता, त्याच्याही डोक्यावर टिचकी मारली. तो म्हणाला, आई, तुझं काय चाललंय?

घाबरलेय असं नाही. छातीत कोंबडी उकिरडा उकरतेय, एवढंच.

सूनबाईला म्हटलं, दोर जुना झालाय, गुरुवारचं राहू दे. म्हणाली, महिन्यापूर्वी नवा आणला. म्हटलं, माझा गुडघा धरलाय. ती म्हणाली, चढायचं मला आहे. एरवी हिचं निम्मं बोलणं कळत नाही, हे मात्र लख्ख कळलं.

झाड पोकळ आहे असं आता सांगितलं तर विचारतील, काल ठणठणीत कसं लिहिलंत? मग बाकीच्या चाळिसांवर येतील. तेव्हा ते नाही. दुसरा काहीतरी मार्ग काढते. डोकं अजून शाबूत आहे.

११ मार्च, बुधवार

दुपारी एकटी गेले नवव्यावर. गेटवर सांगितलं, चष्मा हरवलाय. चष्मा डोळ्यांवर होता. पंचवीस-तीस ठोके मारले. चार खेळणारे हिरवळीवर ओणवे होते, नेम धरून. त्यांच्यात बॉल मारताना खोकलेलंही चालत नाही. एक जण लालबुंद होऊन माझ्याकडे आला, हातवारे करून परत गेला. म्हणजे आवाज येत होता. त्याला येत होता.

संध्याकाळी सूनबाईचा चढायचा पट्टा वॉशिंग मशीनमध्ये लपवला. कपडे लावायला तीच गेली, सापडला. कुणी ठेवला विचारलं. म्हटलं, तुझ्या लेकीचे उद्योग. सात वर्षांची पोर माझ्याकडे नुसती बघत राहिली. रडली नाही, चुगलीही केली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

उद्या सांगते. उद्या नक्की.

१२ मार्च, गुरुवार. ६.१०

टेम्पोत. उतरल्या उतरल्या सांगते.

६.२५

आधी चहा घेऊ दे तिला. उपाशीपोटी असं ऐकवू नये.

६.४०

पट्टा बांधतेय. हेल्मेट घातलं. मुलगा दोर धरून उभा. बांधून होऊ दे.

दुपारी

पंधरा फुटांवर होती. पाय खोडाला टेकवलेले, पाठ माझ्याकडे. झाड हललं का? बहुतेक नाही. पण मला हललेलं दिसलं.

मी ओरडले, "खाली उतर. मला ऐकू येत नाही."

आजूबाजूचे सगळे थांबले. हिरवळ कापणाऱ्याने मशीन बंद केलं असावं, कारण तो खाली उतरला. सूनबाई मान वळवून वरून काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? ती परत बोलली. मी परत म्हटलं, काय? तिसऱ्यांदा तिने मुलाला खूण केली. तो माझ्या तोंडासमोर आला आणि सावकाश म्हणाला, "ती विचारतेय, कधीपासून."

म्हटलं, दोनेक दिवस. म्हटलं, महिना असेल. मग सांगून टाकलं, मागच्या उन्हाळ्यापासून.

सूनबाई खाली आली. हेल्मेट काढलं, झाडाला टेकून बसली. माझ्याशी काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

१४ मार्च, शनिवार

सेक्रेटरीने बाहेरून माणूस आणला. त्याच्याकडे विणकामाच्या सुईएवढं लांब ड्रिल. खोडात घालतो, मशीन कागदावर रेघ काढतं. नवव्याची निलगिरी तपासली. आरपार भरीव. साठ वर्षं हलणार नाही, म्हणतो.

बघा. मी काय लिहिलं होतं? ठणठणीत. कान गेला म्हणून विद्या जात नाही. उगीच घाबरून चारचौघांत शोभा करून घेतली. तो माणूस मशीन घेऊन आला तर एवढा मान, मी मोगरी घेऊन गेले की हसतात. सोमवारी मुलाला सांगणार आहे, काढून घेतलेली मोगरी परत दे आणि दहाव्या होलपासून पुढे मीच वाजवणार.

रात्री नीट जेवले. नातीला गोष्ट सांगितली. ती मध्ये मध्ये काहीतरी विचारत होती, मी पुढे सांगत गेले.

१६ मार्च, सोमवार

सगळी एकेचाळीस तपासली. नऊ पोकळ.

तिसऱ्या होलची निलगिरी त्यातली एक. ड्रिल वीतभर आत गेलं आणि पुढे त्याला काही लागेचना. माणसाने हात सोडला तरी आत सरकत राहिलं. त्याने साल खरवडून दाखवली. आत अंधार, आणि ओल्या भुशाचा वास. म्हणाला, यावर मांजरही चढवू नका.

चार तास. पन्नास फूट. आणि मी खाली खुर्चीवर बसून हो म्हणत होते.

मुलगा तिथेच गवतात बसला. सूनबाई टेम्पोच्या मागे गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याजवळून गेली, थांबली, माझ्या खांद्यावरची साल झटकली आणि पुढे गेली. शिव्या दिल्या असत्या तर ओठांवरून कळल्या असत्या. मी बघत होते.

मोगरी मागितली नाही.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी नऊ.

डॉक्टरकडे गुरुवारी जायचंय. गुडघ्यासाठी. तिथे आहेच तर कानही दाखवीन.

दहावा होल. मोगरी आता सूनबाईकडे. मला रजिस्टर दिलं. ती ठोकणार, सांगणार, मी लिहिणार. पहिल्या झाडाला ती काहीतरी म्हणाली. मी पेन धरून तिच्याकडे बघत राहिले. ती परत म्हणाली. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं.

दुसऱ्या झाडालाही तसंच. तिसऱ्यापासून पेन तिने आपल्याकडेच ठेवलं. मुलगा म्हणाला, म्हणजे हाताने दाखवलं, की तू रजिस्टर धर, वाऱ्याने पानं उडतात.

सात झाडं होईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते.

वारा नव्हता.