भिंतीवरचा नियम आणि माझे रक्त

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, औषध-तपासणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे नोकरी, डोके ठिकाणावर ठेवून हे लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही; भीती मात्र आहे. उद्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे.

१. दोन खोल्यांचे घर सौभाग्यवतीला, तिच्या पश्चात मुलीला. जावईबापूंनी गच्चीवर शेड टाकण्याचा विषय पुन्हा काढू नये.

२. प्रयोगशाळेतली सशांची खोली मी बंद पाडली, याचा मला अभिमान आहे. पूर्वी सलाईनची प्रत्येक बॅच सशांना टोचून ताप चढतो का ते पाहत. बिचारे तासन्‌तास मान अडकवून बसायचे. आता माणसाच्या थोड्या रक्तात सलाईन मिसळतो; त्यात घाण असली तर रक्तातल्या पेशी खूण देतात. सशांचे रखवालदार मामा तेव्हा म्हणाले होते, "साहेब, ससा खोटं बोलत नाही. माणसाचं काय सांगावं?" त्यांच्याशी मी सात वर्षे अबोला धरला. तो येथे सोडतो.

३. गेल्या महिन्यात रक्तदाता आला नाही, म्हणून मी माझेच रक्त दिले. आठवडाभरात दुखण्याची गोळी घेतली असेल त्याचे रक्त चालत नाही. पेशी गप्प बसतात. हा नियम मीच लिहून भिंतीवर लावला आहे. सकाळी गुडघ्यासाठी गोळी घेतल्याचे मला घरी पाकीट दिसल्यावर आठवले. पडताळणीसाठी मुद्दाम घाण घातलेल्या नमुन्यानेही त्या दिवशी जेमतेम खूण दिली होती. मी मशीनला नावे ठेवली आणि बॅच पास केली.

४. बोललो तर पिंजरे परत येतील, असे मनाला समजावत राहिलो. खरे म्हणजे मी माझ्या नावाला घाबरलो. काल ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी इस्पितळात गेलो, तेव्हा शेजारच्या खाटेवर कॉलेजातल्या मुलीला सलाईन लावले होते. बाटलीवर त्याच बॅचचा नंबर.

"बाळ, थंडी वाजतेय का?"

"नाही काका. तुम्हीच कुडकुडताय."

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तोवर थांबू शकत नाही. दुसऱ्या साक्षीदाराने सगळे वाचूनच सही करावी.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सोमवार.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: शेजारचे शिंपी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: सशांचा रखवालदार. वाचलं. गोदामाला फोन करून बॅच अडवायला सांगितली. इस्पितळालाही कळवलंय, त्या पोरीवर नजर ठेवतील. साहेब, चप्पल घाला, तपासणी पुन्हा करायची आहे. रक्त माझं घ्या. मी गोळ्या खात नाही.