पान नंबर विचारलात म्हणून

मंगळवार, ११ मार्च
दुपारी

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

पार्सल शनिवारीच पोचलं. दोरीला तुम्ही अशा काही गाठी मारल्या होत्या की शेवटी दाढीचं ब्लेड काढावं लागलं. आतली दादाची पानं सगळी धड आहेत, एकही कोपरा दुमडलेला नाही. चिठ्ठीही वाचली. नव्या डॉक्टरीणबाई फारशा बोलत नाहीत अशी तुमची तक्रार दिसली. अहो वहिनी, नशीब समजा! आमचे इथले डॉक्टर स्वतःच्या मुलाच्या परीक्षेबद्दल अर्धा तास बोलतात आणि मी उठायला लागलो की विचारतात, "तुम्हाला काय होतंय?" गुडघ्याला शेक चालू ठेवा, आणि जिना उतरताना कठड्याला धरा. घाई कसली आहे आता.

माझं बरं चाललंय. छापखान्यात सध्या भूगोलाचं पुस्तक आहे आणि मी नद्यांची सूची तपासतोय. एक नदी दोनदा उगम पावली होती, ती मी काल पकडली. मालक म्हणाले, "तुमच्याइतकं बारीक कुणी बघत नाही." मी म्हटलं, "म्हणून तर चष्मा एवढा जाड झालाय." नंबर पुन्हा वाढलाय. बाकी खोली, टेबल, खिडकी, सगळं तुम्ही पाहिलंत तसंच आहे.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्ही वेळी इथपर्यंत अगदी मजेत आलो आणि तुमच्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळींपाशी अडकलो. तुम्ही लिहिलंय, "भाऊजी, त्या ग्रुपवर ह्यांच्या ज्या वाक्याची टिंगल झाली ते वाक्य मी पुस्तकात तीनदा शोधलं. सापडत नाही. प्रूफं तुम्हीच तपासली होती. पान नंबर तेवढा कळवा."

तेवढा कळवा! शनिवारपासून चिठ्ठी टेबलावर उघडीच पडली आहे.

तो ग्रुप काय होता ते तुम्हाला कधी कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून सांगतो. वाचणाऱ्या लोकांचा ग्रुप. नर्सबाई, निवृत्त मास्तर, बसचे कंडक्टर, कॉलेजच्या पोरी, असे पाच-सहा हजार लोक. कोण काय वाचतंय, कुणाला काय आवडलं, असं चालायचं. आणि दर रविवारी एक खेळ: 'उगाच डोक्यावर घेतलेला लेखक कोण?' कुणीही यावं, एक नाव टाकावं, मग बाकीच्यांनी तुटून पडावं. "पन्नास पानांनंतर झोप लागली ती सोमवारी मोडली." "लग्नात भेट आलं होतं, मी दुसऱ्याच्या लग्नात देऊन टाकलं." असलं सगळं. वाईट लोक नव्हते ते. सुट्टीच्या दिवशी चहा पिता पिता लोक नाकं मुरडतात, तेवढंच. मेलेल्या लेखकांवर बोलत, तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी 'समासातला' अशा टोपणनावाच्या एकानं दादाचं नाव टाकलं. त्यानं लिहिलं होतं, "एकाच पुस्तकावर आयुष्यभर भाषणं ठोकणारा माणूस. ज्यांना तो थोर वाटतो त्यांनी हे एक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवावं: 'आईच्या हातांना साबणाचा वास होता आणि जगात मला तेवढा एकच पत्ता पाठ होता.' आलं की नाही हसू?"

आलं. संध्याकाळपर्यंत चारशे लोकांना आलं. कुणी शाम्पूचा वास घातला, कुणी फिनेलचा. एका पोरीनं 'पत्ता बदलला आहे' म्हणून साबणाच्या वडीचं चित्र टाकलं, त्याला तर मूळ पोस्टपेक्षा जास्त लाइक पडले. त्या गर्दीत एकट्या निवृत्त मास्तरांनी विचारलं होतं, "मी या पुस्तकाच्या तिन्ही आवृत्त्या वाचल्या आहेत. हे वाक्य त्यात नाही. पान क्रमांक द्यावा." अगदी तुमचाच प्रश्न. समासातल्यानं ठोकून दिलं, "पहिली आवृत्ती नीट बघा." आणि तेव्हाच दादाची कमेंट आली. तो ग्रुपवर स्वतःच्या नावानं होता, पण तोवर त्यानं तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं, "वाक्य माझंच आहे. ते म्हणतात ते बरोबर आहे."

झालं. खुद्द लेखकच कबूल करतोय म्हटल्यावर लोकांना काय, आयतंच मिळालं. मास्तरही गप्प झाले.

वहिनी, तुम्हाला ते वाक्य सापडणार नाही. तिन्ही आवृत्त्या उलट्या-सुलट्या करून बघा, ते कुठल्याच पानावर नाही. ते फक्त पहिल्या प्रूफात होतं. त्या प्रूफाचा एकच संच निघाला होता, आणि तो दोघांनीच पाहिला होता. एक दादा. दुसऱ्यानं त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून बाजूच्या समासात लिहिलं होतं, "जास्त होतंय. काढावं." दादानं काढलं. माझं ऐकायचा तो.

समासातला मी आहे वहिनी.

लिहिलं एकदाचं. आता हवं तर पत्र बाजूला ठेवा, पाणी प्या. पण पुढचंही वाचा, कारण हे मी पुन्हा लिहू शकेन असं वाटत नाही.

का केलंत, असं तुम्ही विचाराल. कारणं देता येतील. तरुणपणी मी माझ्या गोष्टींची वही दादाला वाचायला दिली होती. महिन्याभरानं त्यानं परत केली आणि म्हणाला, "शुद्धलेखन मात्र उत्तम आहे हं तुझं." त्याच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण मी त्या वाक्यावर अख्खं आयुष्य काढलं. लोकांच्या चुका दुरुस्त करत बसलो आणि रोज स्वतःला सांगितलं की दादापेक्षा मला जास्त कळतं. सभेत त्याला हार घातला की मी मागच्या रांगेत बसून त्याच्या भाषणातल्या चुका मोजायचो.

पण ही सगळी नंतर जुळवलेली कारणं आहेत. खरं सांगू? त्या रविवारी मला मजा आली. दर मिनिटाला फोन वाजत होता, लोक म्हणत होते, "काय पकडलंत राव!" साठीला आलेला माणूस मी, खोलीत एकटाच हसत होतो. आणि त्या भरात, त्याचं सगळ्यात वाईट वाक्य म्हणून जे पटकन आठवलं ते ठोकून दिलं. ते छापलंच गेलेलं नाही हे माझ्यासारख्या माणसाच्या लक्षात येऊ नये! दुसऱ्याची चूक मी चार फुटांवरून ओळखतो.

वाईट वाक्य असंही आता म्हणवत नाही. चांगलं वाक्य होतं ते. आईच्या हातांना खरोखरच साबणाचा वास यायचा, आमच्या घरासकट तीन घरांचे कपडे धुवायची ती. ती माझीही आई होती आणि ते वाक्य मला सुचलं नव्हतं. म्हणून जास्त होत होतं.

दादाला ते वाक्य वाचताच कळलं असणार, हा कोण. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर चारशे लोक माझ्यावर उलटले असते. त्यानं ते वाक्य स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मला सोडवलं. पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा माझ्या खोलीवर आला. मी चहा केला. त्यानं नळाच्या गळतीबद्दल विचारलं, तुमच्या गुडघ्याबद्दल सांगितलं, माझ्या खिडकीला पडदा हवा म्हणाला. मी प्रत्येक घोटाला वाट बघत होतो, आता बोलेल, आता बोलेल. जाताना चपला घालत म्हणाला, "काय रे, अजून लिहितोस का?"

मी म्हटलं, "छे."

"लिही. चांगलं लिहितोस," असं म्हणून उतरून गेला.

मी वरच्या पायरीवर उभा राहिलो, हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चाळीस वर्षं वाट पाहिली होती मी त्या शब्दांची, आणि ते मला कशाबद्दल मिळाले ते बघा. अकरा आठवड्यांनी दादा गेला. हृदयाचं दुखणं जुनं होतं असं डॉक्टर म्हणाले. मी ते रोज स्वतःला ऐकवतो, उपयोग होत नाही.

तुमच्या घरी माणसं जमली होती त्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात म्हणालात, "त्या मेल्या समासातल्यानं ह्यांचं लिहिणं बंद पाडलं. कधी भेटला तर विचारणार आहे मी, काय मिळालं तुला?" माझ्या हातात पाण्याचं भांडं होतं. मी म्हटलं, "असली माणसं भेटत नसतात वहिनी." आणि तुम्ही मान हलवलीत. मलाच धीर दिलात वर, म्हणालात, "तुम्ही आहात म्हणून बरं."

ती पोस्ट अजून तिथेच आहे. कुणी नवा माणूस ग्रुपवर आला की जुनं उकरतो, एक हसरा चेहरा टाकतो, आणि माझा फोन वाजतो. कधी छापखान्यात, कधी दाढी करताना. काढून टाकायला दोनदा बसलो. पण तिच्याखाली दादाचं ते एकमेव बोलणं आहे, पोस्ट काढली की तेही जाणार. बोट पुढे सरकत नाही.

आणि गेल्या गुरुवारी दुपारी, नद्यांची सूची समोर असताना, फोनवर दादाचं नाव आलं. नावाशेजारी हिरवा ठिपका. मग 'लिहीत आहे'. वहिनी, माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं? पाणी देऊ का?" मी बघतच राहिलो. अकरा महिन्यांपूर्वी ज्याला मी खांदा दिला तो माझ्या पोस्टखाली लिहीत होता. मग अक्षरं उमटली: "हे वाक्य कोणत्या पानावर आहे? कृपया सांगावे." 'कृपया सांगावे' वाचल्यावर श्वास परत आला. दादा असं लिहायचा नाही, तुम्ही लिहिता. तुम्ही त्याचा फोन अजून चार्ज करता हे मला ठाऊक नव्हतं. पण कळल्यावरही भीती गेली नाही. त्या दिवसापासून फोन उपडा ठेवतो आणि दर थोड्या वेळानं उचलून बघतो, ठिपका आहे का.

आता दादाच्या दुसऱ्या पुस्तकाचं. तुम्ही म्हणता, अर्धंच असलं तरी छापू, प्रूफं मी बघावीत, आणि पुढची पानं कुठे हरवली तेही मीच शोधावं. दादा लिहायला बसला की वर तारीख टाकायचा, तुम्ही पाहिलं असेल. शेवटच्या पानावर २७ जानेवारी आहे, शनिवार. दुसऱ्या दिवशी मी ती पोस्ट टाकली. पुढची पानं हरवलेली नाहीत वहिनी. स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. त्यानंतर तो लिहायला बसलाच नाही.

आहे तेवढं मी दोनदा वाचलं. पहिल्या पुस्तकापेक्षा कितीतरी चांगलं आहे. हातात पेन्सिल होती, पण मी कुठेही खूण केलेली नाही. पानं याच पत्राबरोबर परत पाठवतोय. दुसरं कुणी बघेल. आमच्या छापखान्यात ज्या बाईंनी पाणी विचारलं त्या काळजीनं काम करतात, मी त्यांच्याशी बोलतो. नाहीतर तुम्ही थेट बोला, तेच बरं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग तुम्हाला आतल्या आत जळत बसावं लागेल. या रविवारी तुमच्याकडे यायचं ठरलं होतं, ते मी येणार नाही. पुढे कधी यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. दादा गेल्यावर मला आपलं म्हणावं असं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तेही मी अकरा महिने खोटं बोलून टिकवलं होतं.

एक मागणं मात्र आहे. दादाचा फोन बंद करू नका. त्यानं मला एका शब्दानंही विचारलं नाही, रागावला नाही, एक शिवी दिली नाही, आणि मला ते झेपत नाही. तुम्ही द्या. त्याच पोस्टखाली, सगळ्यांसमोर, त्याच्याच नावानं द्या. समासातला म्हणजे कोण, तेही लिहा. मी पुसणार नाही आणि उत्तरही देणार नाही. फोन सरळ ठेवून बसलो आहे.

तुम्ही आजवर ज्याला भाऊजी म्हणालात,
तो