शबानासाठी थांबणं

गुरुवार, संध्याकाळ

रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा. आज पाचवीचा सराव पेपर घेतला. मंगलाचा सगळ्यांत आधी झाला. वर बघते तर ही शेजारच्या शबानाची उत्तरपत्रिका ओढून तिचे गोल काळे करतेय! माझ्यासमोर, उघड उघड. आपण काही चुकतोय हे तिच्या गावीही नाही.

मी ओरडलेच. ती गोंधळली. "मन्हं व्हई गयं मॅडम, तिनं बाकी शे. मंग मी नुस्ती बशी ऱ्हाऊ का?"

खरंच की. स्वतःचं झालं, शबानाचं बाकी, मग ही नुसती बसून कशी राहील? दोघींच्या आया पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, मिरच्यांचे देठ खुडतात. तिथे जिचा ढीग आधी संपतो ती शेजारणीच्या ढिगाला हात लावते, मग सगळ्या मिळून घरी. सुट्टीच्या दिवशी या पोरीही तिथेच. पण रविवारी केंद्रावर असं केलं तर दोघींचे पेपर जातील. काय सांगू तिला? मदत करणं वाईट? नाही, फक्त तिथे वाईट... छे.

शेवटी दटावलं. "तुझं झालं की हात बांधून बसायचं. शबानाकडे बघायचंसुद्धा नाही." तिने मान हलवली. समजलं की नाही, कोण जाणे. दिवसभर डोक्यात तेच. नुस्ती बशी ऱ्हाऊ का?

शाळा सुटली. शबाना ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होती. रोज तिच्यासाठी थांबणारी मंगला दप्तर उचलून सरळ फाटकाबाहेर गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

समजलं होतं तिला.