उंबऱ्यावरचं कोहळं

गोंडपिपरी
३ नोव्हेंबर २०२३

प्रिय अन्नपूर्णा,

तुम्ही सगळे मजेत असाल. लेकीची परीक्षा संपली का? इकडे धान कापणीला आलाय, सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. अजयनं दुकानातला दिवाळीचा माल घरात आणून ठेवलाय, पणत्यांच्या खोक्यांतून वाट काढत स्वयंपाकघर गाठावं लागतं. माझे सहामाहीचे पेपर तपासायचे तसेच पडलेत.

काल फोनवर तू विचारलंस, माय तुझ्याकडे कशी काय? मी म्हणाले, डोळे दाखवायला आणलंय. तू म्हणालीस, बरं केलंस, मी कधीची मागे लागले होते.

डोळे दाखवायला आणलेलं नाही. फोनवर मला चटकन काहीतरी बरं बोलून सुटता येतं. कागदावर तसं जमत नाही, हे तुला होस्टेलपासून माहीत आहे. म्हणून लिहिते. तुझा मामेभाऊ पवन उद्या नागपूरला निघतोय, त्याच्या हाती देईन. तुझी माय बरी आहे, जेवते, अजयच्या रेडिओवरच्या बातम्यांना नावं ठेवते. हे आधी वाच आणि मग पुढचं.

आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी या वर्षी शाळेत हॅलोविन करायचं ठरवलं. चंद्रपूरच्या शाळा करतात, पालकांना फोटो आवडतात. मला म्हणाल्या, ‘तुम्ही वाचता-बिचता, मुलांना दोन शब्द सांगा.’ त्यांना खरोखर दोनच शब्द हवे होते. मी मात्र बसून वाचलं. आणि वर्गात सांगितलं की, हा सण मूळचा चॉकलेटचा नाही. थंड मुलुखातल्या शेतकऱ्यांचा आहे. पीक घरात आलं, गुरं डोंगरावरून खाली आणली, आता लांबलचक हिवाळा. त्या सांध्याच्या रात्री मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मधलं दार उघडं राहतं असं ते मानत. म्हणून मोठा जाळ करायचा. भुतांनी आपल्याला ओळखू नये म्हणून भुतासारखंच सोंग घ्यायचं. सलगमासारखा कंद कोरून त्यात निखारा ठेवायचा. पुढे हे लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना लाल भोपळे, म्हणजे आपली कोहळी, सापडली, कोरायला सोपी.

इथपर्यंत ठीक होतं. पण मुलांचे चेहरे कोरे होते. म्हणून मी म्हणाले, ‘आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काय करतो? इडापिडा, खासी-खोकला घेऊन जा गे मारबोद, असं ओरडत मारबोदीला शिवेबाहेर टाकून येतो ना? तसंच हे.’

वर्ग एकदम जागा झाला. एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, त्याहिचे भुतं चॉकलेट खातेत, आपले तं कोंबडा मागतेत!’ सगळे खिदळले. सातवीतली दिव्यानी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, ‘म्हंजे ते कोहळं दाराशी ठेवलं का मेलेले लोकं आत नाई येत?’

‘तसं ते मानत,’ मी म्हणाले. ‘मानत’ हा शब्द मी वापरला होता, हे मला नक्की आठवतं. गेले दोन दिवस मी त्या शब्दाला धरून बसले आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला त्या शब्दातून काय ऐकू आलं असेल? परक्यांचा खेळ म्हणून सांगितलं असतं तर खेळच राहिला असता. मी त्याला आपला करून दिला.

कोहळी कुठून आणली हे तू ओळखलंच असशील. मायच्या छपरावरच्या वेलाची. मी तुमच्या गावी मागायला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘एवढ्याची भाजी? कोनाचं लग्न हाय?’ म्हटलं, ‘भाजी नाही माय, तोंडं कोरायची आहेत.’ ‘कोहळ्याले तोंड? शिकून शिकून याड लागलं व्हय तुले?’ हसत हसत तिनं स्वतः मोठमोठी तांबडी कोहळी निवडली, पोत्यात भरली आणि सडकेपर्यंत माझ्याबरोबर ओढत आणली. अख्ख्या गावानं पाहिलं.

कार्यक्रम झाला. मुलांनी आपापली कोहळी घरी नेली. दिव्यानीचं घर मायच्याच आळीत, दोन घरं सोडून. तिचे वडील गोपाल महिनाभर काविळीनं पडून होते. चंद्रपूरला न्या, असं मी स्वतः त्यांच्या बायकोला, रंभाला, सांगितलं होतं. झाडपाल्याचं औषध चालू होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गोपाल गेले.

आणि उजाडल्यावर लोकांना त्यांच्या उंबऱ्यावर दिसलं ते कोहळं. डोळे फाडलेलं, आतून काजळलेलं, मेणबत्ती वितळून गेलेली.

आपल्याकडे दारात कापलेलं कोहळं म्हणजे करणी, हे मी तुला सांगायला नको. आणि गावात तेवढी मोठी कोहळी कुणाच्या वेलाला लागतात हेही सगळ्यांना माहीत. प्रेत उचलायच्या आधीच कुणीतरी तुझ्या मायचं नाव घेतलं. संध्याकाळी कौलांवर दगड पडले. वेल बुडातून कापला. पोलीसपाटील गुणवंतरावांचा मला फोन आला, ‘बाई, म्हातारीले घेऊन जा काही दिवस. मी हाव, पन मी एकटाच हाव.’ अजय मोटारसायकल घेऊन निघाला, मी मागे रिक्षा केली.

तू विचारशील, तेव्हाच का नाही ओरडून सांगितलंस, की ते कोहळं शाळेचं आहे?

सांगणारच होते. पण माय गाठोडं बांधत होती तेव्हा दिव्यानीनं मला घरामागे गाठलं. माझा पदर धरून म्हणाली, ‘मॅडम, मी दिवा नीट नाई लावला का? तुमी सांगतलं तसंच केलं. बाबाच्या दाराशी ठेवला. तरी आले ना ते बाबाले न्याले.’ आणि मग, ‘कोनाले नोका सांगू. लोकं म्हनतीन मीच मारलं.’

तसं म्हणतीलही. मायवरून काढलेलं बोट त्या पोरीकडे वळेल, आणि तिला तर त्याच घरात वाढायचं आहे. मी गप्प राहिले. तुझी माय रिक्षात बसली आणि मी गप्प राहिले.

पोलिसांत जाऊ म्हटलं, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. माय म्हणाली, ‘पोलीस येतीन आन जातीन. मले तिथीच राहाचं हाय.’ रविवारी गावानं बैठक बोलावली आहे. माय जाणारच म्हणते. मी जाऊन काय बोलणार ते मला अजून माहीत नाही.

हे वाचून तू तडक निघशील. नीघ. मला शिव्या देत ये.

उर्वशी

*

६ नोव्हेंबर २०२३

प्रिय अन्नू,

वरचं पत्र मी पवनला दिलं नाही. तो दारात उभा होता, चहा प्यायला, गेला, आणि लिफाफा माझ्या हातातच राहिला. तू आलीस तर गावात आणखी पेटेल, अशी समजूत मी स्वतःची घातली. खरं म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटली. आज दोन्ही पत्रं एकत्र पाठवते आहे.

काल बैठकीआधी मी रंभाकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शाळा, कोहळी, मारबोदचं उदाहरण, मुलीनं काय विचारलं ते. दिव्यानीला न विचारता तिचं गुपित तिच्या आईला दिलं. ते बरोबर होतं का, मला ठाऊक नाही. बैठकीत चारचौघांत फुटण्याआधी आईला कळावं, एवढंच वाटलं.

रंभानं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, ‘मॅडम, मी तं पोरीले इंग्रजी शिकाले धाडलं होतं.’

मी म्हटलं, ‘चूक माझी आहे.’

‘चूक कोनाची ते इचारलं का मी?’ तिनं दिव्यानीला हाक मारली. पोर दाराआडच होती. मला वाटलं, आता पाठीत बसेल. रंभानं विचारलं, ‘बापासाठी ठेवलं?’ पोरीनं मान हलवली. रंभानं तिला पुढ्यात ओढून बसवलं आणि तिचे सुटलेले केस विंचरायला घेतले. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘जा तुमी.’

बैठक मारुतीच्या पारापाशी होती. माय एका बाजूला एकटी बसली होती, तिच्या आसपास जागाच जागा. मी उठून सांगितलं की कोहळं शाळेतलं आहे, ते मी कोरायला लावलं, दाराशी ठेवायची गोष्ट मीच शिकवली.

गोपालचे चुलतभाऊ भैयाजी म्हणाले, ‘मॅडम, आमी अडानी. आमाले एवढंच सांगा, कोहळं कोनाच्या वेलाचं?’

‘मायच्या.’

‘मंग झालं!’ लोक हसले.

‘आन दाराशी ठेवलं कोनं?’

‘ते मी सांगणार नाही.’

‘पाहा! मॅडम म्हातारीले वाचवून राह्यल्या. हिच्या पोरीच्या मैतरीण व्हय ना त्या.’

मी खरं बोलत होते, पण अर्धं, आणि अर्ध्या खऱ्याला उभं राहता येत नाही हे मला लोकांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. गुणवंतराव कायद्याचं काही बोलू लागले, तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘कायदा लावा आन गोपालले उठवा.’ मायनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला आणखीच भीती वाटली. क्षणभर वाटलं, मुलीचं नाव घेऊन टाकावं. तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात रंभा आली. नवरा जाऊन आठवडा झालेला नाही, अशी बाई घराबाहेर पडत नाही. लोक आपोआप बाजूला झाले. दिव्यानीचा हात तिच्या हातात होता. ती सरळ मायसमोर जमिनीवर जाऊन बसली.

‘काकी, मले भूक लागली. तुमच्या हातची भाकर आना.’

माय म्हणाली, ‘घर बंद हाय ना बाई इतक्या दिवसाचं. चूल पेटवा लागन.’

‘पेटवा. मी बसली हाव.’

आणि अन्नू, सगळं गाव तिथे बसून राहिलं. माय घरी गेली. कौलातून धूर निघाला. भाकर थापल्याचा आवाज पारापर्यंत ऐकू येत होता. कुणाला उठून जाता येईना. जिच्यावर करणीचा आळ असतो तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नाही. रंभा काय करते आहे, हे प्रत्येकाला समजत होतं.

मायनं भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला. भैयाजी म्हणाले, ‘वहिनी, नोको.’

‘काऊन? सुतकाचं म्हनून तुमच्या घरचं आतापर्यंत खाल्लं, त्यानं का माह्या मालक परत आला?’ तिनं घास मोडला, खाल्ला, दुसरा दिव्यानीला भरवला. पोरीला ठेचा झोंबला, ती खोकत राहिली. मायनं तिला पाणी दिलं. तेही ती प्याली. मग रंभा वर न बघता म्हणाली, ‘माह्या मालक काविळीनं गेला. दवाखान्यात नेला असता तं राहिला असता. नाई नेला. त्याचं मी पाहीन. कोहळ्याचं कोनं काढू नोका.’

कुणी माफी मागितली नाही. लोक एकेक करून उठले, धान कापायला गेले. दोन बायकांनी मायच्या अंगणातून न जाता लांबची वाट धरली, ते मी पाहिलं आणि मायनंही पाहिलं. रातोरात सगळं नीट होईल असं मी तुला लिहिणार नाही. गुणवंतराव रोज चक्कर मारतो म्हणालेत.

निघताना दिव्यानी माझ्याजवळ आली. मी म्हणाले, ‘तू नीटच लावला होतास. बाबांना आजार होता.’ तिनं विचारलं, ‘मंग दिवा काऊन लावतेत?’ मी इतकी वर्षं शिकवते आहे. मी म्हणाले, ‘मला नाही सांगता येत गं.’ ती म्हणाली, ‘बरं,’ आणि आईकडे गेली. तिचं ते ‘बरं’ माझ्याबरोबर घरी आलं. पुढच्या तासाला मी त्या वर्गासमोर कशी उभी राहू, हे स्वतःला विचारते आहे.

माय बैठकीनंतर आपल्या घरीच राहिली, म्हणून आज रजा टाकून मी इथे आले आहे. तिनं दगडांनी फुटलेली कौलं फिरवायला चैतूला बोलावलंय आणि मजुरीवरून त्याच्याशी भांडते आहे. मी लिहिताना बघून म्हणाली, ‘अन्नूले लिवून राह्यली? सगळं लिव. आन हे बी लिव का दिवाळीले ये, पन मले न्याले नोको येऊ. मी येत नाई.’

तर हे तिचं सांगणं. माझं एवढंच की, इतके दिवस मी तुझ्यापासून तुझ्या मायचं संकट लपवलं, आणि ते संकट माझ्या हातून आलेलं होतं. तुला जे बोलायचं असेल ते तू बोल. मी मध्ये काही सांगत बसणार नाही.

तुझ्या मायच्या अंगणातून,
उर्वशी